भक्तीच्या पेशींतली घडी

मानवतला चन्नप्पांचं कापडाचं दुकान आहे. त्यांची नात भक्ती तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. चालायलाही उशिराच लागली. केस मात्र लय दाट, आणि दोन्ही करंगळ्यांना नखं जेमतेम. नखं कापायला बसली की तिची आई महेश्वरी त्या करंगळ्या कुरवाळत राहायची. पोटुशी असताना ती जिन्यावरून पडली होती. त्यामुळंच पोरीचं असं झालं, असं तिनं मनाशी धरलं होतं. बोलली मात्र कुणाजवळ नाही.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी करंगळ्या पाहिल्या आणि पोरीचं व आईबापाचं रक्त तपासायला हैदराबादला पाठवलं. निकाल आला तेव्हा नवरा शिवप्रकाश माल आणायला गेला होता, म्हणून महेश्वरी आणि भक्तीबरोबर सासरे चन्नप्पा परभणीला गेले.

"एका जनुकात बदल सापडलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक धागा गुंडाळून ठेवलेला असतो. काही प्रथिनं ती गुंडाळी हवी तिथं सैल करतात. त्यातलं एक भक्तीच्या अंगात कमी तयार होतं."

चन्नप्पा पुढं सरकले. "सगळ्या पेशीत धागा तोच, तर एक कातडीची अन् एक मेंदूची कशी व्हती?"

"धागा तोच, उघडा भाग वेगळा. आधी पेशी विभागून वाढत जातात. मग विभागणं थांबवून आपापलं काम घेतात. कधी थांबायचं, काय व्हायचं, हे कोणता भाग उघडतो त्यावर ठरतं. भक्तीच्या मेंदूत ते जरा मागंपुढं झालं."

"म्हंजे पाहिजे तेच कापडाचं ठाण सोडायचं, बाकीची बांधून ठेवायची."

"अगदी तसंच, काका."

महेश्वरीनं मान खाली घातली. "मी जिन्यावरून पडले होते, मॅडम."

"त्याचा काही संबंध नाही. हा बदल तुमच्या दोघांच्याही रक्तात नाही, आपोआप झालाय. यात कुणाचंच चुकलेलं नाही. बरं करणारं औषध नाही, पण शिकवलं तर पोर पुढं येईल."

बाहेर बाकावर बसून महेश्वरी हमसून रडली. चन्नप्पांनी भक्तीला कडेवर घेतलं.

"एवढं उरात घेऊन बसलीस, पोरी? आमाला सांगायचं व्हतं."

"भ्या वाटायचं, मामा."

"आता न्हाई वाटायचं. चल, उसाचा रस पिऊ."

त्यानंतर बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडं एसटीनं खेपा सुरू झाल्या. घरी सासूबाई चन्नबसम्मा दिवसभर नातीशी बोलायच्या. ही वाटी, हा भात, ही चिमणी. भक्ती नुसती बघायची. महिने गेले, पण म्हातारीनं बोलणं सोडलं नाही.

एका सकाळी त्यांनी दूधभाकरीचा घास पुढं केला. भक्तीनं तोंड फिरवलं.

"न्हाई!"

चन्नबसम्मांच्या हातातला घास तसाच राहिला. "अगं महेश्वरी, पळ! पोरगी बोलायली!"

शिवप्रकाश अर्धी दाढी तशीच ठेवून आला. तोच शब्द पुन्हा ऐकायला सगळे तिला विचारत सुटले. दूध पाहिजे? न्हाई. दुकानात येतीस? न्हाई.

"आमची हायेस का न्हाईस?" चन्नप्पांनी विचारलं.

"न्हाई!" म्हणत भक्तीनं आजोबांच्या गळ्याला मिठी मारली.