तिसरी हाक

आमच्या सूनबाईला एक वाईट खोड आहे. कुठे काही कुरकुरलं की ती कारण शोधत नाही, तोंड बंद करते. दार करकरलं, लाव कागदाची घडी. नळ गळला, ठेव खाली बादली. परवा तिनं तेच ह्यांच्या आवाजाचं केलं.

ह्यांच्या घशाचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली. आवाज गेला तो गेलाच. पण माणूस टेलिफोनच्या ऑफिसातला, हाडाचा खटपट्या. ऑपरेशनआधी बेचाळीस वाक्यं स्वतःच्या आवाजात भरून ठेवली आणि कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिला. एक बटण दाबलं की एक वाक्य. "पाणी दे." "पंखा बंद कर." "मीठ जास्त झालंय." हे मिठाचं बटण झिजून गुळगुळीत झालंय, ते सोडा.

बेचाळिसावं बटण माझं. "अगं, ऐकतेस का?" एकदा दाबलं की हळू, दुसऱ्यांदा मोठ्यानं, तिसऱ्यांदा घर दणाणेल असं. दोन हाकांना मी दाद देत नाही, हे ह्यांना लग्नापासून ठाऊक.

जुना कॉम्प्युटर आता अर्ध्या अर्ध्या तासानं मान टाकू लागला. नवा आणला, तर त्याची सिस्टिम वेगळ्याच घराण्यातली, युनिक्सच्या वळणाची. सूनबाई ह्याच कामातली. म्हणाली, "दोन दिवसांत प्रोग्राम नव्या घरी नांदायला लागेल, आई."

पहिल्या दिवशी स्क्रीनभर लाल ओळी. कंपायलर म्हणून एक असतो म्हणे. लिहिलेलं वाचून यंत्राच्या भाषेत मांडतो, आणि अडला की एरर देतो. एकशे तीस एरर. दुसऱ्या दिवशी दुपारी शून्य. बाईसाहेबांनी हात झटकले.

मी चहा घेऊन बाहेर आले, तर हे बेचाळिसाव्या बटणावर बोट ठेवून बसलेले. हाकांवर हाका मारत होते आणि घर चिडीचूप. माझ्याकडे बघून कसनुसं हसले. मी चहा खाली ठेवला आणि सूनबाईला विचारलं,

"हे बटण का बोलत नाही गं?"

"आई, तेवढ्याच ओळी फार एरर देत होत्या. आवाज चढवायची जुन्या सिस्टिमची रीत इथे नाहीच. म्हणून त्या ओळींना खूण केली. खूण केली की कंपायलर त्या वाचतच नाही. एकेचाळीस बोलतात ना? एकाचं बघू नंतर."

"मिठाचं चालतंय?"

"हो."

"वा! म्हणजे मला नावं ठेवायची सोय झाली, हाक मारायची नाही. काढ त्या खुणा."

काढल्या. एकोणीस एरर परत हजर. मी खुर्ची ओढून शेजारी बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण मोजता येतं.

"पहिला काय म्हणतो?"

"म्हणतो, आवाज चढवणारा हा कोण, मी ओळखत नाही."

"मग ओळख करून दे. नव्या घरात आवाज चढवणारं कुणीतरी असेलच. प्रत्येक घरात असतं."

सूनबाई माझ्याकडे बघून हसली, पण शोधू लागली. नव्या सिस्टिमची रीत सापडली, तिनं ती जुन्याच्या जागी बसवली. एकोणिसाचे एकदम सहा झाले. गेलेले सगळे पहिल्याच्याच पोटी जन्मलेले होते. उरलेले सहा तिनं एकेक करून सोडवले, एकालाही खूण न करता. ह्यांचा चहा गार झाला, पण हे उठले नाहीत.

शून्य झाल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

"अगं, ऐकतेस का?" हळू. ऑपरेशनच्या आधीचा तो आवाज, मागे बारीक खोकला. मी गप्प.

"अगं, ऐकतेस का?" मी ओट्याची कड धरून ठेवली.

सूनबाई दारात आली. "आई, ओ द्या ना! बाबा वाट बघताहेत."

तेवढ्यात तिसरी हाक आली. ताटं थरथरली. "आले!" म्हणून मी ओरडले, पदरानं डोळे पुसले आणि तिच्याकडे वळले.

"काम चोख केलंस, बाई. पण पुन्हा कुणाचं तोंड बांधून 'झालं' म्हणालीस, तर ह्या घरात तुझी गाठ माझ्याशी आहे. चल, तिघांचा चहा टाक, आणि ते करकरणारं दारही बघून घे."