चव्वेचाळीस छातीचा कोट

पुरानं शिवणाऱ्या मावशीचं सगळं नेलं. घर नेलं, दुकान नेलं, दोन्ही मशिनी नेल्या, तीस वर्षांची मापांची वही नेली. उरली एक सुई. तीही कॉलरमध्ये खोचलेली होती म्हणून. टाका संपला की सुई कॉलरला टोचायची, ही जन्माची सवय. गळ्याइतक्या पाण्यातही ती तिथंच राहिली.

आता मुक्काम शाळेच्या एका वर्गात. पाच कुटुंबं आणि कोपरे चार, पाचवं फळ्याखाली. खिडक्यांना गज, फाटकाला कुलूप. पूल वाहून गेलेला, मुलगा पलीकडच्या काठावर अडकलेला, बाहेर कंबरभर चिखल. "रस्ता होईपर्यंत पाय बाहेर टाकायचा नाही," असं पहारेकरी सांगे, आणि हा रस्ता एकेचाळीस दिवस होतच होता. चार पावलं टाकली की बाक, वळून चार टाकली की सुनेचं अंथरूण. कुणाचं खोकणं, कुणाचं भांडण, कुणाचं झोपेतलं ओरडणं, सगळं सगळ्यांच्या मालकीचं.

मावशीला त्या गजांपेक्षा जास्त टोचायचं ते 'घ्या'. ताट घ्या, साबण घ्या, ब्लँकेट घ्या. दर वर्षी देवाचे आभार मानायच्या, उपकारस्तुतीच्या रविवारी ती चर्चमध्ये स्वतः शिवलेला नवा कपडा प्रभूच्या मेजावर ठेवायची. चर्चचे पाळक तो गरजवंताला द्यायचे. यंदा तो रविवार पाच दिवसांवर आला आणि हात रिकामे.

याच शाळेत अडकलेले पाळक समजुतीनं म्हणाले, "मावशी, यंदा देव तुमच्याकडे काही मागणार नाही."

झालं! घर गेलं ते मावशीनं सोसलं होतं. पण देणाऱ्यांच्या यादीतून देवानं आपलं नाव खोडलं?

समोरच्या कोपऱ्यात गवंडी. दाराएवढा माणूस. त्याची बायको पाण्यात गेली, तेव्हापासून अंगावर तीन पोती घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलेला. मदतीतले कोट त्याच्या कोपराशीच संपायचे. ब्लँकेट तर त्यानं घेतलंच नाही. "वरच्यानं दिलं, वरच्यानं नेलं. मधल्यांनी लुडबूड करू नये." थंडी रोज चढत होती आणि पोत्यांतून खोकला येत होता.

मावशीनं आपलं ब्लँकेट उलगडलं. जाड, राखाडी. बोटांनी आपोआप कापडाचा पन्हा मोजला.

"आई, डोकं ठिकाणावर आहे ना?" सून कुजबुजली. "एकच आहे ते. मग पांघरणार काय, उपदेश?"

"तुझं आहे ना? दोघी झोपू त्यात. लाथा तेवढ्या मारू नकोस."

कात्री होती फळ्याखालच्या न्हाव्याकडे. "मावशी, हिनं मिशा कापतात, कांबळी नाही."

"मग मोठी मिशी समज."

दिली बिचाऱ्यानं, धारेच्या काळजीनं दोन उसासे टाकून.

राहिलं माप. मागायला गेलं तर गवंडी अंगावर आला असता. पण वही बुडाली म्हणून आकडे थोडेच बुडतात? त्याच्या लग्नाचा कोट तिनंच शिवला होता, मागल्या वर्षीचा सदराही. छाती चव्वेचाळीस, खांदा वीस, बाही सव्वीस. तिनं खुशाल कात्री चालवली. सुनेनं तोंड वाकडं करत का होईना, चादरीचा आडोसा धरला आणि पोत्याची शिवण उसवून दोरा काढून दिला. टाका आणि प्रार्थना, टाका आणि प्रार्थना. ते चार दिवस मावशीला गज दिसलेच नाहीत.

रविवारी पाळकांनी उपदेश धरला. त्यांचा उपदेश बोलका कमी, गाता जास्त. एक ओळ त्यांनी म्हणायची, दुसरी लोकांनी उचलायची. पेटी-ढोलकी वाहून गेली तर ताल बाकावर. एका बाकाचं मेज केलं होतं, आणि त्यावर कोट. पाळक बघतच राहिले. मग गातागाताच त्यांनी तो उचलला आणि गवंड्यापुढे धरला. सगळा वर्ग वळला. कोंडलेला माणूस तोंड तरी कुठं लपवणार? तो उठला, पोती खाली पडली, कोट अंगात गेला.

आणि खुंटीला टांगल्यासारखा लोंबला. खांद्याची शिवण दंडावर उतरली, छातीवर कापडाचा झोळ.

"मावशी, आत अजून एक गवंडी बसेल की!" न्हावी फस्सकन हसला आणि लगेच ओशाळला.

मावशीचं तोंड उतरलं. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, माप दर वेळी नव्यानं घ्यायचं, हा तिचा नियम. तो या वेळी तिनं गर्वानं मोडला. ब्लँकेट गेलं, दान फसलं, वर दुखावलेल्या माणसाचं चारचौघांत हसं झालं.

"चुकलं माझं," ती पुटपुटली. "जुनं माप धरलं मी."

गवंड्यानं पुढचा झोळ मुठीत धरला, सोडला, पुन्हा धरला. "माप बरोबर आहे, मावशी. मीच तेवढा उरलो नाही. आणि मला पत्ताच नाही." झोळाकडे बघत म्हणाला, "ती असती तर पहिल्याच आठवड्यात ओरडली असती."

मग त्यानं दोन्ही हात आडवे पसरले. माप द्यायला माणूस उभा राहतो, तसे.

मावशीनं सुतळी त्याच्या छातीभोवती फिरवली आणि आपल्या वितीनं मोजली. चार विती. म्हणजे छत्तीस. बोटांना बरगड्या लागल्या. तो हमसून हमसून रडला, आणि त्याचं रडं ओसरेपर्यंत तिनं त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"कोट आत घेताना निघेल त्या कापडाचं काय कराल?" त्यानं नाक पुसत विचारलं.

"बघू."

"बघू नाही. वाकून वाकून कंबर धरलीय तुमची. पट्टा शिवा स्वतःला. नाहीतर कोट परत."

"अरे, दिलेलं कुणी परत घेतं का?"

"घ्या, मावशी," पाळक म्हणाले. "देव तुमच्याकडे मागत होता, ते मला कळलं नाही. आता तो देतोय, ते तुम्ही तरी ओळखा."

मावशीनं डोळे टिपले आणि सुई कॉलरमधून काढली.

दुपारी पहारेकरी गजांतून डोकावला, तर आत मदतीतले कपडे अंगाबरोबर करून घ्यायला रांग. न्हावी, त्याची आई, खुद्द पाळक. एकेक जण हात पसरून उभा राहत होता. मावशी सुतळी फिरवून आकडा सांगायची, सून तो खडूनं फळ्यावर लिहायची. जुनं माप एकाचंही जुळत नव्हतं. कुलूप तसंच होतं, चिखल तसाच. फळ्यावरची पहिली ओळ होती: गवंडी, छाती छत्तीस.