वरुणाची जटा आणि साधी ट्यूब

दर गुरुवारी संध्याकाळी कसबा बावड्यातल्या नव्या वसाहतीत पाय ठेवायला जागा नसायची. साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. साखर कारखान्याची पाळी सुटली की माणसं घरी न जाता थेट वरुणानंद महाराजांच्या बंगल्यात शिरत. महाराज त्याला मठ म्हणत.

मठाच्या दिवाणखान्यात चौथरा, चौथऱ्यावर काचेची मोठी पेटी आणि पेटीत समुद्र! घाट उतरल्याशिवाय ज्याचं दर्शन होत नाही तो समुद्र महाराजांच्या शब्दाखातर घाट चढून बावड्यात आला होता. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे त्यात ऐटीत फिरत होते. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो. समुद्राला पाय फुटल्याचं आमच्या पुस्तकात नव्हतं, म्हणून मीही बघायला गेलो.

"भक्तहो!" महाराज गरजले. "हे जल आम्ही आजवर बदललेले नाही. तरी त्यात घाणीचा कण आहे का? नाही! कारण आमच्या नेत्रांतील सागरतेज!"

बाळासो नावाच्या शिष्यानं पेटीवर पडदा सोडला आणि चौथऱ्यामागच्या दुसऱ्या पडद्याआड जाऊन घंटा बडवायला सुरुवात केली. महाराजांनी डोळे वटारले. "वरुणाय फट्, जलाय फट्, सर्वपापाय फटाफट!" पडदा वर गेला. मघाशी नुसते मासे असलेल्या पाण्यात आता हिरव्या तारांचा गुंता तरंगत होता.

"वरुणाची जटा! वरुणाची जटा!" गर्दीनं एकच गलका केला.

माझ्या शेजारी बसलेल्या केरबानं मला कोपर मारलं. केरबा माझा घरशेजारी, कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. "गुरुजी, हात जोडा की! नुसतं बघताय काय?"

"जोडतो. पण हे मासे हगतात कुठं, ते आधी कळू दे."

केरबानं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मीच पेटीत घाण केली होती.

खरा धंदा दर्शनानंतर सुरू व्हायचा. भक्ताला बाटलीभर खारं तीर्थ, जटेचा धागा आणि एक 'तेजदीप' मिळायचा. तेजदीप म्हणजे पितळी बैठकीवर जाड जांभळी काच आणि आत बल्ब. घरी बरणीत तीर्थ ओतायचं, जटा सोडायची आणि वर हा दिवा लावायचा. जटा वाढली तर घर पुण्यवान. कुजली तर घरात कुणीतरी पापी आहे, त्याला हुडकून काढायचं. धागा आणि तीर्थ फुकट, दिवा मात्र विकत. त्या एका दिव्याच्या किमतीत आमच्या गल्लीतल्या घराघरात ट्यूब लागल्या असत्या. केरबानं तो सुनेच्या हातातला सोन्याचा बिल्वर मोडून आणला.

जटा कुजली. केरबा घाबरून मठात धावला. महाराजांनी डोळे मिटून विचारलं, "घरात बाहेरून आलेली स्त्री कोण?"

आता बाहेरून आलेली बाई कुठल्या घरात नसते? केरबाची बायको चिमणाबाईसुद्धा बाहेरूनच आली होती. पण बोट गेलं ते सुनेकडं, शालूकडं. तिला चुलीला शिवायची बंदी झाली, पाण्याच्या हंड्याला शिवायची बंदी झाली. महाराजांनी मोठ्या मनानं आणखी एक धागा दिला. तोही कुजला तर सुनेला बिद्रीला माहेरी पोचवायचं ठरलं. तिचा नवरा सयाजी हे सगळं मान खाली घालून ऐकत होता.

मी शाळेत जाऊन जरीना मुल्लाणीबाईंना हे सांगितलं. बाई विज्ञान शिकवायच्या आणि शालू त्यांची जुनी विद्यार्थिनी. त्या त्याच दिवशी माझ्याबरोबर केरबाच्या दारात उभ्या राहिल्या.

शालू पदर तोंडाला लावून बाहेर आली. "बाई, मी पापी हाय का वं?"

"ते राहू दे. वनस्पतीला जगायला काय लागतं, ते सांग."

"पाणी, हवा..." शालू अडखळली. "खत. आणि उजेड."

बाईंनी खिडकी लावून घेतली, तेजदीप पेटवला आणि त्याखाली वर्तमानपत्र धरलं. "केरबाकाका, या उजेडात मला मथळासुद्धा वाचता येत नाही. लग्नाच्या मांडवातला झिरो बल्ब आहे हा. शेवाळानं यावर जगायचं कसं?"

"शेवाळ म्हणू नगासा! जटा हाय ती!" केरबा भडकला. "आणि आमच्या देवाशी तुमचा काय संबंध?"

"देवाशी नाही, मी दिव्याबद्दल बोलतेय. आमच्या सासऱ्यांचा ताप उतरावा म्हणून दंडाला गंडा बांधला होता, तो मीच कात्रीनं कापला आणि त्यांना डॉक्टरकडं नेलं. तेव्हा घरच्यांनीही असंच विचारलं होतं."

केरबाचं लक्ष पुन्हा दिव्याकडं गेलं. बाई म्हणाल्या, "या धाग्याचे दोन तुकडे करू. एकच तीर्थ दोन बरण्यांत ओतू. एक बरणी महाराजांच्या दिव्याखाली. दुसरी शालूच्या शिलाई मशीनवर जी ट्यूब आहे, तिच्याखाली. दोन्हींची निगा शालूच राखील. ती पापी असेल तर दोन्ही कुजतील."

केरबानं डोकं खाजवलं. हा माणूस देवभोळा असला तरी जन्मभर यंत्रं दुरुस्त करत आलेला. "व्हय, हे बरोबर हाय. दोन पंप शेजारी लावल्याबिगार कुठला बाद ते कळत न्हाय." बाईंनी मशीनवरची बरणी स्वतः लावली. दिव्याखालची केरबानं लावली, सोवळं नेसून.

पुढं काही दिवस केरबा सकाळ-संध्याकाळ दोन्ही बरण्यांपुढं उकिडवा बसायचा. दिव्याखालचा तुकडा आधी फिका पडला, मग त्याला वास सुटला. ट्यूबखालचा हिरवागार फुगत गेला, त्याच्या तारांवर बारीक बुडबुडे चमकायला लागले. मग एका गुरुवारी त्यानं दोन्ही बरण्या पिशवीत घातल्या. "चला गुरुजी. बाईंनापण बोलवा."

मठात त्यानं हिरवी बरणी महाराजांपुढं ठेवली.

"शाबास!" महाराजांनी गर्दीला दाखवली. "बघा, या घरात लक्ष्मी नांदते!"

केरबानं दुसरी काढली. महाराजांनी नाकाला उपरणं लावलं. "छी! या घरातील पापी स्त्रीला आजच्या आज बाहेर काढा!"

"म्हाराज," केरबा म्हणाला, "दोन्ही माझ्याच घरच्या हायत. एकाच सुनंनं सांभाळल्यात."

महाराजांची नजर जरीनाबाईंवर गेली. "विधर्मी स्पर्श! त्यामुळे जटा कोपली!"

"मी फक्त हिरव्या बरणीला हात लावला होता," बाई म्हणाल्या.

मागून कुणीतरी खदखदून हसलं. केरबा उठला आणि त्यानं चौथऱ्यामागचा पडदा ओढला.

मागं दुसरी पेटी होती, पुढच्यापेक्षा मोठी, हिरव्या शेवाळानं गच्च भरलेली. वर पत्र्याला अडकवलेल्या साध्या ट्यूब, आपल्या घरात असतात तसल्याच. दोन्ही पेट्यांमधून पाणी फिरवणारी नळी आणि छोटी मोटार. आणि कोपरापर्यंत ओला झालेला बाळासो, हातात जटेचा ठिबकणारा गोळा घेऊन उभा.

"आरं बाळ्या, ट्यूब घालीव, अंधार कर की मुडद्या!" महाराज ओरडले. सागरतेजाच्या तोंडून पहिल्यांदाच अस्सल बावड्याची बोली बाहेर पडली.

बाईंनी लोकांना जवळ बोलावून समजावलं. "माशांची घाण पाण्यात विरघळते. ते या शेवाळाचं खत. शेवाळ ते खातं आणि वाढतं, म्हणून पुढचं पाणी स्वच्छ राहतं. त्याला फक्त भरपूर उजेड लागतो आणि तो या स्वस्त ट्यूब देतात. हे महाराजांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून स्वतःच्या शेवाळावर ट्यूब आणि तुम्हाला जांभळी काच. तुमची जटा कुजायलाच हवी होती. कुजली की तुम्ही पुन्हा इथं येणार."

तेवढ्यात बायडाबाई नावाची म्हातारी पुढं आली. तिनं महाराजांचं उपरणं धरलं. "माझ्या लेकीला सासरच्यांनी ह्या कुजक्या दोऱ्यापायी हाकललंया. आता तू चल, आणि तिच्या सासऱ्याम्होरं सांग!" त्याबरोबर आणखी चार-पाच बायका उठल्या. गलका ऐकून पोलीस आले तेव्हा महाराज स्वतःहून गाडीत जाऊन बसले. त्यांना तिथंच जास्त सुरक्षित वाटत होतं.

केरबा घरी आला, सुनेसमोर उभा राहिला. "पोरी, माझं चुकलं."

शालूनं त्याला पाट दिला, पाण्याचा तांब्या दिला. मग ती सयाजीकडं वळली. "मामंजी बोललं. तुम्हीबी बोला की आता." सयाजी दाराकडं सरकला, पण ती तशीच उभी राहिली, तो बोलेपर्यंत.

मित्रांनो, ज्याला तुम्ही महाराज म्हणता त्याच्या चमत्काराचा पडदा आधी उचलून बघा. तो उचलू देत नसेल तर तिथून उठा. बरणीतलं शेवाळ कुजलं तर उजेड कमी पडला असेल, पाणी बिघडलं असेल. कारण शोधा, ते सापडतं. त्यापायी घरातल्या बाईला दाराबाहेर काढू नका.