आधी उतरायचं सामान

शिल्पाने स्वतःचा संसार तिसऱ्यांदा गाडीतून खाली उतरवला आणि सॉफ्टवेअरने तो तिसऱ्यांदा मुकाट्याने परत वर चढवला.

हे अर्थातच पडद्यावर चाललं होतं. खरं सामान अजून लातूरला तिच्या आधीच्या नवऱ्याच्या, हरिओमच्या घरात पडून होतं. एक लोखंडी कपाट, भांड्यांची पोती आणि पायाचं शिलाई मशीन. इथे नांदेडच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात त्या सगळ्याचं मिळून एवढंसं निळं खोकं झालं होतं. त्याला खेटून एक मोठं पिवळं खोकं होतं, ते अर्धापूरच्या तारामतीबाईंच्या लेकीचं आंदण, लातूरला खरेदी केलेलं. पलंग, सोफा, आरशाचं टेबल, नवं कपाट. दोन्ही खोकी लातूरहून निघणार, दोन्ही एकाच वाटेने येणार आणि दोन्ही मिळून एक आयशर कशी छान भरणार, एवढंच सॉफ्टवेअरला दिसत होतं. त्यापलीकडचं काही त्याला कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. निळं खोकं बाजूला काढलं की ते लाल अक्षरांत विचारायचं, गाडी अर्धी रिकामी का नेता?

एरवी शिल्पाला त्याचा हा हट्ट आवडायचा. फुटकर माल जोडून गाडी भरणं हे तिचं रोजचं काम. कुणाची देगलूरची चार पोती, कुणाचं जळकोटचं पाइपांचं बंडल, एकाचं आणि दुसऱ्याचं जमवत एक खेप उभी करायची, यात तिचा हात बसला होता. मल्लिनाथ शेठनी हे सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा ऑफिसातल्या बाकीच्यांनी त्याच्याकडे विंचवाकडे पाहावं तसं पाहिलं होतं. शिल्पा मात्र नुकतीच कामाला लागली होती, घटस्फोटाचा कागद हातात पडून फार दिवस झाले नव्हते, आणि डोकं गुंतवायला काहीतरी हवंच होतं. तिने ते आठवड्याभरात शिकून घेतलं. मग ड्रायव्हरांनाही शिकवलं. जे आधी उतरायचं ते शेवटी भरायचं, हे तर ती त्यांना इतक्यांदा सांगायची की लालमहंमद तिला बघितलं की हसत तेच वाक्य म्हणून दाखवायचा.

आज मात्र ती त्या निळ्या खोक्याकडे बघत बसली होती. गाडीचं बुकिंग करताना तारामतीबाई फोनवर म्हणाल्या होत्या, ते तिच्या कानातून जात नव्हतं.

"जोडीला कुणाचं बी सामान असू द्या बाई, आपलं काय जातंय. फक्त खताची पोती, फवारणीचे डबे, असलं काय वंगाळ टाकू नका. शुभकार्याचं हाय."

"नाही काकू, जोडीला नुसतं घरसामान आहे," शिल्पा म्हणाली होती.

"मग लई बेस."

खोटं काही नव्हतं त्यात. पण मोडलेल्या संसाराचं सामान नव्या संसाराच्या सामानाला टेकून येणार, हे ताराबाईंना कळलं असतं तर त्यांनी खताची पोती परवडली म्हटलं असतं. शिल्पाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, म्हणजे स्वतःपुरता नव्हता. दुसऱ्याच्या लेकीचा प्रश्न आला की मात्र तिची जीभ अडखळायची. उद्या त्या पोरीचं काही बिनसलं तर? नुसत्या विचारानेच तिला अपराधी वाटलं, आणि मग आपल्याला असं वाटतंय याचा रागही आला.

मल्लिनाथ शेठ चहाचा कप घेऊन तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"हे घरसामान कुणाचं?"

"माझं."

शेठनी कप टेबलावर ठेवला. "लातूरचं?"

"हाव. उद्या ते भाड्याचं घर सोडून चावी देणार. आज नेलं तर नेलं, न्हाई तर भंगारवाल्याला बोलावतो म्हणाले."

"दुसरी गाडी?"

"आज लातूरहून एकच येते."

शेठ पडद्याकडे वाकले. "ताराबाईला म्हाईत हाय?"

"न्हाई."

"मग राहू दे तसंच." ते कप उचलून निघाले आणि दारातून वळून म्हणाले, "मालाची बिल्टी मात्र रीतसर फाड. आज तू बी पार्टीच."

तिला हसू आलं. तिने निळं खोकं जिथे होतं तिथेच राहू दिलं आणि खेप पक्की केली. लातूरहून निघायचं, अहमदपूर, लोहा करत नांदेडला यायचं, शिल्पाच्या घरी निळं सामान उतरवायचं आणि मग पुढे अर्धापूरला पिवळं. तिचं आधी उतरायचं, म्हणून शेवटी भरायचं. नव्या नवरीच्या दारात गाडी जाईल तेव्हा जुन्याचा मागमूससुद्धा उरणार नाही. हे सुचल्यावर तिला बराच हलकेपणा वाटला.

कपाट भंगारात गेलं असतं तरी चाललं असतं. भांड्यांचंही तिला फारसं काही वाटत नव्हतं. पण मशीन तिचं होतं. लग्नाआधी गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून शिवून तिने ते घेतलं होतं, आणि सासरी ते पलंगाशेजारी नुसतं कपडे टाकायच्या कामी आलं होतं. कागदोपत्री वाटण्या झाल्या तेव्हा तिने तोंड उघडून मागितलेली वस्तू तेवढी एकच.

दुपारी लालमहंमदचा फोन आला.

"बेटा, दोन्ही माल चढला. तुमचं सामान दारातच काढून ठेवलं होतं. मशीन शेवटी घेतलं, मागच्या फाळक्याजवळ गादी लावून बांधलं."

"कुणी काही बोललं?"

"कोण बोलणार? दार लावून घेतलं त्यांनी."

तिने आईला फोन करून सामान निघाल्याचं सांगितलं. आईने सकाळचंच पुन्हा सांगितलं.

"सांजच्यालाच येऊ दे गं. अन् मागच्या दारानं घेऊ. समोरून नको, सगळी गल्ली बघती."

"बरं," शिल्पा म्हणाली. आईशी या विषयावर बोलण्यात अर्थ नव्हता. आई वाईट नव्हती. रोज तिच्या डब्यात गरम भाकरी असायची, उशीर झाला तर कोपऱ्यापर्यंत येऊन उभी राहायची. पण संक्रांतीला घरात हळदीकुंकू झालं तेव्हा आईनेच तिला हळू आवाजात सांगितलं होतं, तू आत तिळगुळाच्या पुड्या बांध. बाहेर बायकांच्या बांगड्या वाजत होत्या, कुंकवाचा करंडा या हातातून त्या हातात जात होता, आणि शिल्पा आतल्या खोलीत पुड्या बांधत होती. त्या दिवशी तिला फार वाईट वाटलं होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही.

लोह्याच्या अलीकडे पडद्यावरचा गाडीचा ठिपका थांबला तो हलेचना. टायर फुटलं होतं. स्टेपनी लावून गाडी पुन्हा रस्त्याला लागेपर्यंत ऊन कलायला आलं होतं, आणि तारामतीबाईंचा फोन थेट शेठना गेला होता. त्यांचा आवाज शेठच्या कानाला लावलेल्या फोनमधून टेबलापलीकडे ऐकू येत होता. दिवेलागणीच्या आत सामान उंबऱ्यात यायला पाहिजे, सगळ्या बायका येऊन बसल्यात, दारात रांगोळी काढलीय, गुरुजींनी उद्याचा दिवस नको म्हणून सांगितलंय.

शेठनी फोन ठेवला. "शिल्पा, गाडी बायपासनं सरळ अर्धापूरला घाल. तुझं येताना उतरवू."

"बरं," ती म्हणाली आणि माऊस हातात घेतला.

तिने दोन्ही थांबे वरखाली केले. पडद्यावर लगेच लाल चौकट आली. क्रम जुळत नाही, मागचा माल उतरवल्याशिवाय आतला माल निघणार नाही. शिल्पाचा हात तिथेच थांबला. सॉफ्टवेअरने आज पहिल्यांदा तिच्या मनातलं सांगितलं होतं, आणि तेही नको त्या वेळी. म्हणजे ताराबाईंच्या दारात, रांगोळीवर, जमलेल्या सगळ्या बायकांसमोर पहिल्यांदा खाली उतरणार ते तिचं मशीन. मग तिची भांडी, मग तिचं कपाट. त्यानंतर नवरीचा पलंग.

तिने 'तरीही चालेल' वर बोट दाबलं आणि उठून बाहेर ओट्यावर गेली. तिथून लालमहंमदला फोन लावला.

"चाचा, अर्धापूरला आधी माझं उतरवावं लागंल ना?"

"हाव. त्याबिगर पलंग कसा निघंल?"

"तिथं बायका असतील दारात. कुणी विचारलं तर म्हणा, टेलरच्या दुकानाचं हाय."

पलीकडे हॉर्न वाजला. मग लालमहंमद म्हणाला, "कपाट अन् भांडी बी टेलरचीच का?"

शिल्पा ओट्याच्या कडेला टेकली.

"बेटा, मला खोटं धड बोलता येत न्हाई. घरवाली फरीदा लगेच पकडती, तिथं तर दारभर बायका. बघतो. तू नको घाबरू."

पण ती घाबरली होती. ताराबाई भडकतील, शेठना बोलतील, ते एक वेळ निभावेल. पण त्या दारात आपल्या मशीनकडे बघून कुणीतरी दोन पावलं मागे सरकेल, पदर तोंडाला लावेल, हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं आणि ते तिला सहन होत नव्हतं. शिवाय ती नवरी. साक्षी नाव तिचं, बिल्टीवर होतं. तिनेही दारात उभं राहून ते सगळं ऐकायचं, तिचा काय गुन्हा?

ठिपका अर्धापुरात शिरला आणि थांबला. शिल्पा देगलूरच्या उद्याच्या मालाची जुळणी करत बसली. तीच दोन खोकी ती इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करत होती. फोन कुणाचाच आला नाही. ना ताराबाईंचा, ना लालमहंमदचा. मग पिवळं खोकं पडद्यावरून नाहीसं झालं. माल पोचला.

"जा तू घरी," शेठ म्हणाले. "तुझी गाडी तुझ्या आधी पोचंल."

ती पोचली तेव्हा गाडी अजून यायची होती. आईने मागचं दार उघडून ठेवलं होतं, वाटेतली बादली, कपड्यांची दोरी सगळं बाजूला केलं होतं. गल्लीत दिवे लागत होते. आयशर कोपऱ्यावर वळली आणि घरासमोर येऊन थांबली. शेजारच्या गॅलरीत लगेच दोन डोकी आली, ते बघून आईने पदर सारखा केला.

लालमहंमदने खाली उतरून फाळका पाडला. सोबतच्या हमालाने दोरी सोडली आणि दोघांनी मिळून मशीन अलगद जमिनीवर टेकवलं.

शिल्पा पुढे झाली आणि थांबली.

मशीनच्या काळ्या अंगावर हळदीची आणि कुंकवाची बोटं उमटली होती. ठसठशीत, ताजी. चाकाच्या खाचेत अक्षतांचे दाणे अडकले होते. फळीवर एक नारळ होता, आणि तो गडगडू नये म्हणून त्याच्याखाली हिरव्या खणाची घडी ठेवली होती.

"हे काय चाचा?"

"त्यांची रीत हाय म्हणं," लालमहंमद म्हणाला. "दारात सामान आलं की पहिलं जे उतरंल त्याला मान द्यायचा. ताट घेऊनच उभ्या होत्या."

शिल्पाला क्षणभर कळेना, हसावं की रडावं. त्या बिचाऱ्या बायकांनी आपल्या लेकीचं समजून तिच्या मशीनला कुंकू लावलं होतं. आता हा नारळ, हा खण परत पाठवायला हवा. कसा पाठवायचा, काय सांगून?

"त्यांना वाटलं असंल त्यांचंच हाय," ती म्हणाली.

"न्हाई. ताराबाईनं विचारलं मला, हे मशीन आमच्यात कुठनं आलं म्हणून."

"मग?"

"मी सांगितलं. एका लेकीचं सामान हाय, सासरहून माहेरी चाललंय."

शिल्पाने खाली बघितलं. "कधी सांगितलं? कुंकू लावल्यावर?"

"आधी," लालमहंमद म्हणाला. त्याने गळ्यातल्या रुमालाने हात पुसले. "सगळ्या गप झाल्या. एक म्हातारी काय तरी पुटपुटली बी. ताराबाई ताट घेऊन तशीच उभी. मग म्हणाल्या, लेकीचंच हाय ना? ठेवा हितं. अन् लावलं. नारळ मागनं त्यांच्या पोरीनं आणून ठेवला, साक्षीनं."

 शिल्पाने चाकाला हात लावला. एवढे दिवस बंद पडलेलं ते चाक थोडं कुरकुरलं आणि फिरलं, एक अक्षत सुटून खाली पडली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही.

"मागच्या दारानं घ्यायचं म्हणाल्या ना?" हमालाने विचारलं. "बोळातनं जाईल का पण कपाट?"

आई दारात उभी होती. तिने मशीनवरच्या कुंकवाकडे बघितलं, मग लेकीकडे. वर गॅलरीत आता चार डोकी झाली होती.

"थांबा," आई म्हणाली.

पुढच्या दाराची एकच फळी रोज उघडायची. दुसरीची कडी गंजून घट्ट बसली होती, ती हाताने निघेना, तेव्हा आईने खाली वाकून बत्त्याने दोन ठोके घातले आणि ती फळी भिंतीपर्यंत लोटून दिली.

"हितनं घ्या," ती म्हणाली. "आधी मशीन."