बांधावर बाईचा पाय

श्रावणातली अमावास्या होती. खाडीला भर दुपारचं उधाण. कासूपलीकडच्या एका खाडीकाठच्या गावात धोंडुबाई ओटीवर सुकट निवडत बसली होती; सून अनिता पिण्याच्या पाण्याच्या टँकरची वाट बघत होती. मुलगा विशाल डोलवीला कंपनीत, शिफ्टला. गावचे धडधाकट पुरुष बहुतेक तिकडेच.

तेवढ्यात शेजारचे केरूदादा ओरडत आले, "खाडीच्या बांधाला खांड पडली! खारं पानी शेतात चाललंय!"

अनितानं घमेलं उचललं. केरूदादा आडवे आले. "बायकांनी बांधावर पाय ठेवायचा नाय. आन् धोंडू, रांडमुंड बाई तू, तुझी तर सावलीबी नको."

गावची रीतच तशी होती. बाईचा पाय लागला की बांधाचा देव कोपतो म्हणे. मागच्या वेळी बांध फुटला तेव्हा धोंडुबाई खालीच उभी राहून बघत होती. पाणी शिरलं, आणि दोन वर्षं त्या जमिनीत भाताची काडी उगवली नाही. अलीकडे तर उधाण दरसाल जास्तच चढत होतं.

"माणसं किती हायेत तुमच्याकडं?" तिनं विचारलं.

"चौघं."

"चौघं म्हातारे. खांड बुजंल चौघांनी?"

केरूदादांनी मागं वळून बांधाकडं पाहिलं.

"व्हा बाजूला."

ती बांधावर चढली. मागून अनिता, मग आणखी सात-आठ जणी. चिखलाची पोती, पेंढा, जे मिळेल ते त्यांनी खांडीत लोटलं. थोड्या वेळानं केरूदादाही मुकाट्यानं पोती देऊ लागले. ओहोटी लागली तेव्हा खांड बुजली होती. पण निम्मं भात खाऱ्या पाण्यात गेलं होतं.

संध्याकाळी देवळात बैठक बसली. धोंडुबाईनं नारळ फोडून देवाची माफी मागावी, असं ठरलं. शिफ्टवरून आलेला विशाल थकून म्हणाला, "आये, फोड एक नारळ. मिटव."

तिचे हात खांद्यापासून ठणकत होते. एक नारळ फोडून घरी जाऊन पडावं, असं तिलाही वाटलं. मग तिला चिखलानं माखलेली अनिता दिसली.

"मी माफी मागितली, तर पुढच्या फुटीला ही पोर खालीच उभी राहील," ती म्हणाली. "नाय फोडनार."

दुसऱ्या दिवसापासून निम्म्या गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. पौर्णिमेच्या उधाणाला मात्र ती पुन्हा बांधावर गेली. सोबत अनिता होती, आणि केरूदादांची सूनही.

समुद्र चढतोच आहे. तो अडवायला हात कमी पडत असताना गावातले निम्मे हात आपण अजून कशासाठी बांधून ठेवले आहेत?