अडीचची गाडी

ड्रायव्हरने खुर्ची पलंगाजवळ ओढली, बाईंचं जाडजूड पवित्र शास्त्र मांडीवर घेतलं, बरोबर मधोमध उघडलं आणि घसा खाकरून मेंढपाळाचं स्तोत्र वाचायला सुरुवात केली. बोट ओळींवरून फिरत होतं, आवाज खणखणीत होता. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजत आला होता. सकाळच्या फेऱ्या संपवून तो इथे आला होता आणि अडीचला त्याला पुन्हा बस बाहेर काढायची होती.

हा सातवा बुधवार. याचं मूळ पाळकसाहेबांच्या एका उपदेशात होतं. कुणी आजारी पडलं की सगळ्या मंडळीने पाळकाकडे बोट दाखवायचं आणि आपण रविवारी इस्त्रीचे कपडे घालून गीतं म्हणायची, याला विश्वास म्हणत नाहीत, असं त्यांनी भर उपासनेत सुनावलं. ख्रिस्ताला काय फक्त माझेच दोन पाय आहेत, असंही विचारलं. मग त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या. चिठ्ठीत ज्याचं नाव, त्याच्याकडे तीन महिने दर आठवड्याला जायचं, विचारपूस करायची आणि त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची. ड्रायव्हर मागच्या दाराने सटकण्याच्या बेतात होता, पण पाळकसाहेबांनी त्याला उंबऱ्यावरच गाठून हातात चिठ्ठी कोंबली. चिठ्ठीत बाईंचं नाव. पायरीवरून पडून खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. आणि याच बाईंनी लहानपणी त्याला चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत शिकवलं होतं.

विचारपूस एक वेळ जमली असती. मोठ्याने प्रार्थना म्हटल्यावर मात्र त्याची पाचावर धारण बसली. पाठ केलेलं काहीही तो न अडखळता म्हणून दाखवायचा, पण स्वतःच्या मनातलं दुसऱ्यासमोर बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. त्याची बायको सगळ्यांना सांगायची, घराला आग लागली तरी आमचे हे ओरडणार नाहीत, हॉर्न वाजवतील. म्हणून पहिल्याच बुधवारी त्याने बाईंना सांगून टाकलं, की प्रार्थना काही माझ्याच्याने होणार नाही, स्तोत्र वाचून दाखवीन. बाई हसून बरं म्हणाल्या. न बोलण्याची भरपाई म्हणून की काय, त्याने त्यांचा गळका नळ दुरुस्त केला, खिडकीची कडी बसवली आणि पलंगाची कुरकुर थांबवली. असा माणूस कुणाला आवडणार नाही?

स्तोत्र संपलं. आज ओबद्याचं पुस्तक वाच, बाई म्हणाल्या, एकच तर अध्याय आहे. ड्रायव्हरने खिसे चाचपले आणि चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. चष्मा मागच्या बुधवारीही घरीच राहिला होता. बाईंनी हात पुढे करून ते पुस्तक तसंच उघडं मागून घेतलं आणि स्वतःचा चष्मा नाकावर सावरला.

"मेंढपाळाचं स्तोत्र इथूनच वाचलंस ना?"

"हो."

"इथे वंशावळ आहे रे. हा त्याचा मुलगा, तो ह्याचा मुलगा. दोन्ही पानं भरून."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. बत्तीस वर्षं त्यांनी वर्ग सांभाळले होते. चोरी पकडल्यावर रागवायचं नसतं, नुसतं थांबायचं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या थांबल्या आणि ड्रायव्हर हळूहळू बोलता झाला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आठ महिन्यांपूर्वी गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे तो गुपचूप जाऊन आला होता. ऑपरेशन करून घ्या आणि तोवर स्टिअरिंगला हात लावू नका, असं डॉक्टर म्हणाला होता. त्याने दोन्ही ऐकलं नाही. संध्याकाळच्या ड्युट्या तेवढ्या बदलून घेतल्या. डेपोत डोळे तपासले जायचे, पण तक्त्यावरची अक्षरं त्याला वरपासून खालपर्यंत पाठ होती. बायकोलाही पत्ता नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, बाई. कळलं तर खाली उतरवतील, पुन्हा वर घेतील की नाही कुणास ठाऊक. गाडीवरून उतरलो तर मी कोण?"

बाईंनी पुस्तक मिटून उशाशी ठेवलं.

"सोमवारी एक म्हातारी काठी टेकत रस्ता ओलांडत होती," तो म्हणाला. "मला दिसलीच नाही. कंडक्टर ओरडला म्हणून ब्रेक लागला."

दोन्ही हात त्याने मांडीखाली दाबून धरले. मग त्याने विचारलं, हे तुम्ही पाळकसाहेबांना सांगणार का. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मलाही चिठ्ठी आली होती," त्या म्हणाल्या.

त्या उपदेशाच्या आधीच पाळकसाहेब चिठ्ठ्या घेऊन अंथरुणावरच्या लोकांकडेही गेले होते. जायला ते आधी तयार नव्हते, पण पडून असलेल्यांना काय विश्वासातून सुट्टी मिळते का, असं बाईंनीच त्यांना फोनवर झापलं होतं. त्यांच्या चिठ्ठीत ड्रायव्हरचं नाव निघालं. आता बाई काही चालत त्याच्या घरी जाणार नव्हत्या. तेव्हा त्यांनी पाळकसाहेबांना सांगितलं, की त्यालाच इकडे पाठवा, आणि तोच मला भेटायला येतोय असं त्याला वाटू द्या.

"म्हणजे मी तुमच्याकडे येत नव्हतो?"

"मी तुझ्याकडे येत होते. पाय तुझे वापरले." बाईंनी पांघरूण सारखं केलं. "पहिल्याच दिवशी वाटलं, याला काहीतरी खातंय. पण काय ते कळेना. घरात बिनसलं असेल असं धरून चालले. सात आठवडे मी तुझ्या बायकोसाठी चांगली बुद्धी मागतेय."

ड्रायव्हरला हसू फुटलं आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. बाईंवर त्याचा जीव होता, लहानपणापासूनच होता, आणि हे त्याने त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

"आता काय मागायचं ते कळलं," बाई म्हणाल्या. "पण आज तू माग. मोठ्याने."

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. शब्द आला नाही. घड्याळात दोन वाजले. डेपो चालत दहा मिनिटांवर होता. तो उठला, टोपी घातली, येतो म्हणाला आणि दाराशी गेला. बाईंनी त्याला थांबवलं नाही.

कडीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला. अडीचच्या गाडीची माणसं त्याला चेहऱ्यांपेक्षा आवाजांनी जास्त ओळखू यायला लागली होती. जागेवरून रोज भांडणाऱ्या दोघी बहिणी. धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं चढवताना दम लागणारा लाँड्रीवाला. आणि ती नर्स, जी ड्युटी संपवून त्याच्या मागच्याच सीटवर बसायची आणि पहिल्या वळणाच्या आत गाढ झोपायची. शेवटच्या थांब्यावर तोच तिला हाक मारून उठवायचा.

तो परत फिरला. पलंगाशेजारच्या टेबलावर बाईंचा जुना फोन होता. बटणं त्याने न बघताच दाबली. डेपोचा नंबरही पाठच होता.

"मी बोलतोय. अडीचची गाडी आज दुसऱ्या कुणाला तरी द्या."

बरं नाही का, असं पलीकडून विचारलं गेलं. हो म्हटलं असतं तर तिथेच सुटता आलं असतं, निदान आजच्यापुरतं. ड्रायव्हरने टोपी काढून बगलेत धरली. डोळे मिटले.

"मला दिसत नाही," तो मोठ्याने म्हणाला. "आठ महिने झाले. मी लपवून ठेवलं होतं. आता मला गाडीवर बसवू नका."

त्याच्या पाठीमागे, पलंगावर, बाई म्हणाल्या, "आमेन."