मागच्या पानावरचं कडवं

मी काचेच्या पेटीतून बोलतेय. पेटीला कुलूप आहे आणि वर एक पांढरा दिवा लावलाय, तो दिवसभर डोळ्यांत जातो. लोक येतात, वाकून बघतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि चहाच्या टेबलाकडे वळतात. माझ्यापुढे पितळी पाटी आहे : 'कै. आमोद सर यांचे हस्तलिखित'. पाटी खोटी आहे, पण आता पाटीशी कोण भांडणार?

मी जन्मानं दवाखान्याची नोंदवही. जाड पुठ्ठा, लाल कापडी पाठ आणि पानावर पाच रकाने : तारीख, नावगाव, वय, दुखणं, औषध. महाडला पूर्वी मिशनचा एक छोटा दवाखाना होता. आता तिथे मोबाइल दुरुस्तीचे गाळे झालेत. त्या दवाखान्याच्या टेबलावर माझं तारुण्य गेलं. खरूज, हगवण, विंचू, कोयत्याचा घाव, हेच माझं वाचन. माणसं रांगेत हमरीतुमरीवर यायची आणि माझ्यापुढे आली की गरीब गाय व्हायची. वय विचारलं की म्हणायची, "लिवा तुमच्या मनानं कायतरी."

शाई मागे उमटते म्हणून माझ्या पानाच्या एकाच बाजूला नोंद होत असे. मागची बाजू कोरी राहायची. ही कोरी बाजू लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं.

सत्त्याहत्तर सालच्या श्रावणातली सकाळ. पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथून सुंदराबाई नावाची एक तरणी बाई सात वर्षांच्या मुलीला पाठीशी बांधून आली. भाताच्या खाचरात मुलीला साप चावला होता. नवरा मोरू मुंबईला गिरणीत. डोंगर उतरून रस्त्याला लागायला तिला दोन तास लागले आणि मग ट्रक मिळेपर्यंत आणखी एक. डॉक्टरबाईंनी मुलीची पापणी उचलून बघितली आणि परत मिटली. नियम म्हणून नोंद मात्र झाली. आवडी मोरू, वय सात, सर्पदंश. औषधाच्या रकान्यात एक आडवी रेघ. त्या रेघेचा मला अजून राग येतो, कारण ती माझ्याच अंगावर आहे.

तेराव्यानंतर सुंदराबाई परत आली आणि दवाखान्याच्या दारात उभी राहिली.

"डाक्टरबाय, मला हितं कायपन काम द्या. फरशी पुशीन, पट्ट्या धुईन. माझी पोर हितंच ऱ्हायलीय."

ती आया म्हणून राहिली. दोन-तीन वर्षांनी तिनं बाप्तिस्मा घेतला. कोणी काही आमिष दाखवलं नव्हतं. दर रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, लोक तिच्या शेजारी बसून गात, तिला तेवढं पुरलं. मोरू मुंबईहून परत आला नाही. वाडीनं तिला वाळीत वगैरे टाकलं नाही, फक्त पाणवठ्यावर तिच्यासाठी थांबायचं सोडून दिलं.

आमोद सर तेव्हा शाळेत शिकवत आणि मंडळीत पेटी वाजवत. ख्रिस्ती देवळाच्या पडवीत ते मोठ्या बायकांना अक्षरं शिकवायचे. पद्धत कित्त्याची. सर पाटीवर एक ओळ लिहीत आणि बायका त्याच ओळीवरून शंभरदा पेन्सिल फिरवत. सरांचा 'क' पोट सुटलेला, 'श' वर गाठ मारलेला. वर्षभरानं सुंदराबाईंचा 'क' सुद्धा पोट सुटलेला निघाला. सर सगळ्यांना ती पाटी दाखवत फिरले. म्हणाले, "बघा, माझं अक्षर कोणतं आणि बाईंचं कोणतं, सांगता येईल?" कोणालाच सांगता आलं नाही. तेव्हा सगळे हसले होते.

आता ऐका तिनं अक्षरं कशासाठी गिरवली ते. एका दुपारी दवाखाना रिकामा होता. तिनं मला उघडलं आणि एकेक पान उलटत मागे गेली. आवडीच्या नोंदीवर बोट ठेवून तिनं ती ओळ वाचली. रेघेपाशी बोट थांबलं. बराच वेळ तिथेच राहिलं. मग तिनं पान उलटलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसली. चाल जात्यावरची, तिच्या आईच्या ओव्यांची. शब्द तिचे.

*माझ्या लेकीच्या वाटेला*
*नाही कंदील ना काठी*
*येशूराया, पुढं चाल*
*तिच्या एकलीच्यासाठी*

अशी पाच कडवी झाली आणि पान संपलं. पुढच्या पानावर नोंदी होत्या, म्हणून तिनं तेही पान उलटलं आणि त्याच्या मागे शेवटचं कडवं लिहिलं. रचणाऱ्यानं शेवटी आपलं नाव घालायचं ही आपल्याकडची जुनी रीत. तिनंही घातलं.

*म्हणे सुंदरा, रे राया*
*तुझ्या हाती तिचा हात*
*मला नेशील तेव्हाही*
*तीच दाव मला वाट*

झालं. एका पानाच्या पुढे लेक, पाठीवर गाणं आणि त्याच्या पुढच्या पानाच्या पाठीवर आईचं नाव. माझ्यात याहून मोलाचं काही नाही आणि कधी असणारही नव्हतं. दवाखाना बंद झाला तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, "सुंदरा, तुला काय देऊ?" तिनं मला मागितलं.

नाताळाच्या आधी तिनं मला आमोद सरांकडे नेलं. सरांनी वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. सर वाईट नव्हते, हे मला सांगायलाच हवं. वाईट माणसानं केलं असतं तर इतकं लागलं नसतं.

"बाई, हे मंडळीत म्हणायला हवं," सर म्हणाले. "वही ठेवा माझ्याकडे. जरा शुद्ध करून घेतो."

शुद्ध करायचं म्हणजे काय, ते मी त्यांच्या टेबलावर पडून पाहिलं. दुसऱ्या कागदावर उतरवताना 'लेकीच्या'चं त्यांनी 'जीवाच्या' केलं. लेक म्हटलं तर एकाच घरचं दुःख होतं, जीव म्हटलं की सगळ्यांचं होतं, असं त्यांचं मत. कंदिलाचा दीपक झाला. आणि शेवटी आलं, 'म्हणे दास हा, रे राया'.

सुंदराबाईंनी वाचलं आणि हळूच विचारलं, "सर, माझं नाव?"

"अहो, मंडळीत पुरुषही गातात. त्यांनी 'म्हणे सुंदरा' कसं म्हणायचं? खाली लिहू की तुमचं नाव, छापू तेव्हा."

काय पण अडचण! याच महाडात पुरुषांची भजनी मंडळं बायकांच्या नावाचे अभंग टाळ कुटून म्हणतात, कोणाच्या मिशा गळून पडलेल्या मी ऐकल्या नाहीत. पण सुंदराबाई म्हणाल्या, "सर म्हनतील तसं." जी मुलीला पाठीवर घेऊन डोंगर उतरली, ती ज्यानं अक्षर शिकवलं त्याच्यापुढे गप्प बसली.

गाणं चाललं. महाडहून पोलादपूरला गेलं, तिथून मुंबईला. मयतीला तर ते हवंच. कोणाचं हो हे, असं कोणी विचारलं की उत्तर मिळे, आमोद सरांचं. सर सुरुवातीला "नाही, मूळ आमच्या सुंदराबाईंचं" असं म्हणायचे. मग कमी वेळा म्हणायचे. मग नुसते हसायचे. सुंदराबाई वर्षातून एकदा विचारीत, "सर, माझी वही?" आणि सर म्हणत, "कपाटात आहे, अगदी सुरक्षित." पुढे हातपाय थकल्यावर त्या पोलादपूरला भाच्याकडे राहायला गेल्या. सर वारले, तेव्हाही मी कपाटातच होते.

मग एकवीस सालचा पूर. सावित्रीचं पाणी सरांच्या घरात छतापर्यंत चढलं. चिखलातून मला सरांच्या मुलानं, प्रवीणनं काढलं आणि दोरीवर वाळत घातलं. माझी पानं एकमेकांना चिकटली. नीट उघडायची ती एकाच जागी, जिथे सरांनी खुणेची पट्टी घातली होती. डाव्या बाजूला गाण्याची पाच कडवी आणि उजवीकडे खरूज-हगवणीच्या नोंदी. त्याच्या पुढचं आणि मागचं सगळं घट्ट.

प्रवीणनं पोट सुटलेला 'क' बघितला आणि मला छातीशी धरून रडला. "बाबांचं अक्षर!" त्याला तरी काय बोल लावू? त्याच्या बापानंच आपलं अक्षर दुसऱ्या माणसाला दिलं होतं.

यंदा मंडळीच्या वर्धापनदिनाला त्यानं गीतांचं पुस्तक काढलं. मागे चाळीस पानं 'गीतांचा उगम आणि गीतकारांची चरित्रे'. साहेबलोकांची माहिती तर इतकी बारीक, की कोणाला जहाजावर गाणं सुचलं, कोणाची बायको कुठल्या तापानं गेली, सगळं आहे. आणि माझ्या गाण्यापुढे काय? 'आमोद सर एकदा आंबेनळी घाटातून जात असता दाट धुके पडले. वाट दिसेना. तेव्हा त्यांना हे गीत स्फुरले.' धुकं! सरांना घाट लागायचा, ते एसटीत डोळे मिटून बसायचे.

बाइंडरनं प्रवीणला सांगितलं होतं, "साहेब, वाफ देऊन पानं सुटतील. पंधरा दिवस द्या मला."

"कार्यक्रम रविवारी आहे हो," प्रवीण म्हणाला. "जे पान उघडतंय तेच ठेवू. गाणं काय, सगळ्यांना पाठच आहे."

त्या रविवारी सुंदराबाई आल्या. ऐंशीला टेकलेल्या, हातात काठी, पोलादपूरहून एसटीनं. निमंत्रण नव्हतं, भाच्यानं फोनवर कार्यक्रमाच्या पत्रिकेतला माझा फोटो दाखवला म्हणून आल्या. शेवटच्या बाकावर बसल्या. गाणं सुरू झालं तेव्हा सगळे 'जीवाच्या' म्हणत होते आणि मागून एक चिरका आवाज 'लेकीच्या' म्हणत होता. शेवटच्या कडव्याला तो आवाज चढला. शंभर माणसं 'दास' म्हणाली आणि एक म्हातारी 'सुंदरा'. लोक वळून बघायला लागले. प्रवीणची बायको शुभदा उठून मागे गेली आणि सुंदराबाईंच्या हातात नवं पुस्तक उघडून देत गोड आवाजात म्हणाली, "आजी, यात बघून म्हणा ना."

कार्यक्रम संपल्यावर त्या माझ्यापाशी आल्या. काचेला नाक लागेल इतक्या वाकल्या. चाळीस वर्षांनी आम्ही समोरासमोर होतो. त्यांनी मला ओळखलं.

"ही माझी वही हाय," त्या म्हणाल्या.

प्रवीण हसला, अगदी मायेनं. "हो आजी, आपल्या सगळ्या मंडळीचीच आहे ती."

"तसं नाय रे. ह्ये मी लिवलंय. पान उलट, म्होरं माझं नाव हाय. आन ह्याच्या मागं माझी आवडी हाय."

प्रवीणनं शुभदाकडे बघितलं. शुभदानं प्रवीणकडे. मग तो थोडं मोठ्यानं बोलला, बहिऱ्याशी बोलावं तसं. "आजी, पानं चिकटलीत. उलटलं तर फाटेल."

"फाटूंदे की मग."

"असं कसं? बाबांची आठवण आहे."

शुभदानं त्यांना खुर्ची दिली आणि चहा आणला. त्यांनी चहा घेतला नाही. काचेवर हात ठेवून त्या बसल्या, उजव्या हाताचं तेच बोट, जे एकदा औषधाच्या रकान्यापाशी थांबलं होतं. "आवडे," त्या म्हणाल्या, "येते गो." आणि एसटी चुकेल म्हणून उठल्या. काचेवर बोटाचा ठसा राहिला होता. संध्याकाळी शुभदानं तो ओल्या फडक्यानं पुसला.

माझं म्हणणं एवढंच. मी काही पवित्र ग्रंथ नाही, दवाखान्याची वही आहे. फाटण्याची मला भीती नाही. तुमच्यापैकी कोणी महाडला आलं, तर प्रवीणकडून चावी मागा. वाफ द्या, नाहीतर सरळ सुरी घाला, पण माझं एक पान पुढे उलटा आणि एक मागे. आणि जरा लवकर करा. ती बाई आता फार दिवसांची नाही. ती गेली की तिच्या मयतीला हेच गाणं म्हणतील, आणि म्हणताना 'दास' म्हणतील.